कोजागरीचा जागर आणि मोक्षाचा पट

आश्विन शुद्ध पौर्णिमा म्हणजे कोजागरी. मध्यरात्री लक्ष्मी भूतलावर उतरते आणि ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत दारोदारी हिंडते, ही श्रद्धा आपल्या घराघरांत आजही जिवंत आहे. आटीव दुधात चंद्रबिंब पाहावे, ज्येष्ठ अपत्यास ओवाळावे, लक्ष्मीचे व ऐरावतारूढ इंद्राचे पूजन करून नारळाचे पाणी व पोहे यांचा नैवेद्य दाखवावा, हे सारे आपण निष्ठेने करतो. परंतु या व्रताच्या विधीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि तिचा मात्र आपणांस विसर पडत चालला आहे. ती म्हणजे अक्षक्रीडा. फासे खेळून ही रात्र जागवावयाची असते.

व्रतात खेळ कसा, असे कोणास वाटेल. पण नागपूरकरांना हे नवल वाटू नये. भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर आपल्या मुली ज्या भुलाबाईची गाणी गातात आणि कोजागरीस जिचा निरोप घेतात, तिची कथा सारीपाटापासूनच सुरू होते. शिवपार्वती सारीपाट खेळावयास बसली, शंकर हरले आणि रुसून वनात निघून गेले. पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्यांच्यामागे गेली. तिला भुलले म्हणून ते भुलोजी आणि ती भुलाबाई. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात (क्रमांक २१) आणि धुमार लेण्यात (क्रमांक २९) शिवपार्वतींचा हाच द्यूताचा प्रसंग शिल्पकारांनी पाषाणात कोरून ठेवला आहे.

त्या सारीपाटाचे रूपही पाहण्याजोगे असे. चार भुजांचे कापडी फूल, प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकंदर शहाण्णव घरे. लाल, पिवळ्या, हिरव्या व काळ्या अशा सोळा सोंगट्या. हौशी गृहिणी मखमलीवर त्याची घरे भरतकामाने काढीत आणि खेळ आटोपला की तीच मखमल गुंडाळून ठेवीत.

परंतु ज्या पटाचे स्मरण आज आम्ही मुद्दाम करून देत आहोत, तो मोक्षपट होय. मुलांची आजची सापशिडी ही त्याचीच लेक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ विलायतेत गेला आणि कालांतराने त्यात सर्प उरले, शिड्या उरल्या, मात्र घरांची नावे गळून पडली. मूळ पटात प्रत्येक घराला नाव असते. खालच्या ओळीत जन्म, माया, क्रोध, लोभ. वर चढत जावे तसे दया, सत्संग, भक्ती. सद्गुणाच्या घरी शिडीचा पाया आणि दुर्गुणाच्या घरी सर्पाचे मुख. चित्रकाराने सर्पांना नाना रंगांची वळणे दिली, ती केवळ शोभेसाठी नव्हेत. अक्षरओळख नसलेल्या बालकालाही कोणत्या घरी भ्यावे आणि कोणत्या घरी आनंदावे, हे त्या चित्रावरून कळत असे.

७२ घरांच्या प्रसिद्ध पटात वैकुंठ ६८ व्या घरी आहे, शेवटच्या घरी नव्हे. ज्याचे दान अधिक पडले, तो वैकुंठ ओलांडून पुढे जातो. अखेर ७२ व्या घरी तमोगुणाचा सर्प त्याला गिळतो आणि खाली पृथ्वीवर आणून सोडतो. या पटावर पण लावावयाचा नसतो. कोणाचे काही जिंकावयाचे नसते, म्हणून धर्मराजाला ज्या द्यूताने रानोमाळ केले, त्याचा दोष येथे लागत नाही.

परंपरा हा खेळ ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. आज उपलब्ध असलेले पट मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी डेक्कन कॉलेजच्या संग्रहातील मोक्षपटांकडे लक्ष वेधले. पुण्याचे कलेक्टर राहिलेल्या हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी १८३१ साली दिलेला ‘परमपद सोपानपट’ लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात याच खेळावर प्रबंध झाला. परदेशी विद्वान ज्याचा अभ्यास करतात, तो पट आपल्या घरात कोठे आहे?

हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला आहे. महालातील आमच्या जुन्या वाड्यात आजीच्या ट्रंकेत असा एक पट होता. कोजागरीस ती तो गच्चीवर अंथरी आणि सहा कवड्या आमच्या हाती देई. क्रोधाच्या घरी गेलेल्या नातवास ती रागे भरत नसे. “आज कोणावर चिडला होतास रे?” एवढेच विचारी. पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या. जीर्ण पोथ्या पाण्यात सोडाव्यात या रीतीने तो पटही पोथ्यांसमवेत कन्हानच्या प्रवाहात गेला. कोणीही अडविले नाही, आम्हीही नाही. त्याच्या सर्वांत वरच्या ओळीत काय लिहिले होते, ते आज आम्हांस आठवत नाही आणि सांगणारेही कोणी उरले नाही.

एका घराने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण कोकणात आहे. दशावतारी गंजिफाची १२० गोल रंगीत पाने रंगविण्याची कला मावळू लागली असता सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यातच आश्रय दिला आणि चित्रकारांच्या नव्या हातांना ती शिकविली. दोघेही आज हयात नाहीत, पण कला टिकून आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. दिवाळीच्या सफाईत जुनी ट्रंक उघडाल, तेव्हा चित्रांचा कापडी वा कागदी पट हाती आल्यास तो पाण्यात सोडू नका. त्यावर चिकटपट्टी लावू नका. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात बांधून ठेवा आणि येथील विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांस दाखवा. ज्यांच्या घरी पट नाही, त्यांनी यंदा मोठ्या कागदावर घरे आखून नातवंडांकडून सर्प व शिड्या रंगवून घ्याव्यात. नावे मात्र आजी-आजोबांनी सांगावीत.

दूध आटेपर्यंत एक डाव सहज होईल. लक्ष्मी दाराशी येऊन ‘कोण जागे आहे?’ असे विचारील, तेव्हा तीन पिढ्या एका पटाभोवती बसलेल्या तिला दिसोत.