हात धुण्याइतकी उंची

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून जाताना पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीच ओळीने बसलेले दिसतात. कुणाला अजून रंग नाही, कुणाला डोळे नाहीत. अशाच एका कारखान्यात मी मूर्ती बघायला गेलो आणि अर्धा तास हात धुण्याची जागा बघत उभा राहिलो.

शाडूत काम करणाऱ्याचे हात कोपरापर्यंत माखलेले असतात. ते बादलीत बुडवून धुतले तर पहिल्या माणसाचे स्वच्छ होतात, दुसऱ्याचे नुसते ओले होतात आणि तिसरा परत चिखलच घेऊन निघतो. म्हणून तिथल्या एका कारागिराने उपाय केला होता. लोखंडी अँगलचा गुडघ्याच्या वर येणारा स्टँड, त्यात बसवलेलं जुनं स्टीलचं बेसिन, मागच्या बाजूला उभी फळी, फळीवर पिण्याच्या पाण्याचा असतो तसला २० लिटरचा जार, जाराला तळाशी प्लास्टिकची तोटी. खाली एक बादली. काम सरकेल तसं हे सगळं दोघांनी उचलायचं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं. ना पाइप, ना मोटार, ना मीटर. मी विचारलं, ‘‘पाणी कसं येतं?’’ तो म्हणाला, ‘‘वर ठेवलंय म्हणून येतं. दुसरं काय!’’

दुसरं खरंच काही नाही. गंमत आहे ती ‘वर’ या शब्दात.

पाण्याचा १ मीटर उंचीचा स्तंभ तळाशी जो दाब देतो, तो आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या साधारण एक दशांश असतो. इमारतीच्या गच्चीवरची टाकी १० मीटर वर असेल, तर खालच्या नळाला हवेच्या दाबाइतका जादा दाब मिळतो. टाकी केवढी आहे, याने काडीचाही फरक पडत नाही. हजार लिटरची असो की लोटाभर पाण्याची, तोटीला फक्त उंची कळते. इटलीच्या टोरिचेल्लीने सतराव्या शतकात याचा हिशेब मांडला. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या दगडाच्या वेगाइतका असतो. म्हणजे जारातलं पाणी तोटीतून ‘येत’ नाही, ते पडतं. आपण फक्त त्याला आडवं पडायला लावतो.

याच हिशेबाचं अवाढव्य रूप बघायचं तर पेणहून रोह्याकडे आणि तिथून कोलाडमार्गे भिऱ्याला जावं. मुळशी धरणातलं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून जाडजूड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि टाटांच्या वीजकेंद्रातली चाकं फिरवतं. १९२७ पासून हे चाललं आहे. ५०० मीटरचा हिशेब टोरिचेल्लीच्या सूत्रात घाला. घर्षण सोडून दिलं तर पाण्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येतो. आणि हे पाणी मूळचं इकडचं नव्हेच. मुळा नदीबरोबर पूर्वेला जाऊन ते भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. बोगद्याने त्याला पश्चिमेला वळवलं. आता ते कुंडलिकेत उतरतं, रोह्यावरून जातं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात शिरतं. त्या उंचीची किंमत मुळशीच्या गावांनी मोजली. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याविरुद्धच होता. कोलाडला सकाळी राफ्टिंगसाठी हेल्मेट घालून उभे असणारे लोक वाट बघत असतात ती याच पाण्याची. भिऱ्याला चाकं फिरली की नदी भरते.

भिऱ्याचं पाणी आणि कारखान्यातला जार यांत फरक काय, तर एकाची उंची ५०० मीटर, दुसऱ्याची जेमतेम दीड वीत.

पण दीड वितीची एक अडचण असते. जार भरलेला असताना धार जोरात येते. पाणी उतरत गेलं की ती मरते. तोटीवरचं पाणी ३० सेंटिमीटरवरून साडेसातवर आलं, म्हणजे उंची चौथा हिस्सा राहिली, की वेग निम्मा होतो. शेवटी हात धुणारा तोटी पूर्ण उघडून बसतो आणि थेंब मोजतो. आपल्याकडे शंकराच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीचीही हीच गत होते. पात्र भरलेलं असताना संततधार, नंतर टपटप.

यावरचा तोडगा मला इतका आवडतो की तो घरी करून बघितल्याशिवाय राहवलं नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ मारियॉतच्या नावाने तो ओळखला जातो. कॅनचं झाकण घट्ट बंद करायचं, हवा कुठूनही शिरता कामा नये. मग झाकणाला भोक पाडून त्यातून एक नळी आत सोडायची, ती थेट तोटीच्या चार बोटं वरपर्यंत. नळीभोवती मेण किंवा एमसील. आता तोटी उघडा. आधी नळीतलं पाणी उतरतं, मग तिच्या खालच्या टोकातून बुडबुडे निघू लागतात. पाणी जेवढं बाहेर जातं, तेवढी हवा त्या टोकाशी आत येते. त्यामुळे त्या टोकाशी दाब कायम बाहेरच्या हवेइतका राहतो. वर पाणी १ फूट आहे की अर्धा फूट, तोटीला पत्ताच लागत नाही. तिच्या लेखी उंची एकच, चार बोटं. पाणी नळीच्या टोकाखाली जाईपर्यंत धार तसूभर हलत नाही. कोंबड्यांसाठी बाटली उलटी करून ठेवतात, ऑफिसात जार उलटा करून माठावर ठेवतात, त्यांतही हेच शहाणपण दडलेलं आहे. माझ्या पहिल्या कॅनचं झाकण गळकं निघालं आणि सगळा प्रयोग फसला. हवा वरून चोरून शिरली की नळी नुसती शोभेची.

झाकण घट्ट लावायचं आणि नळीही घालायची नाही, हा तर हमखास घोटाळा. आत पोकळी होते, धार अडते आणि मग कॅन भक्‌भक् करत उचक्या देत राहतो. घरी बनवलेली अशी पुष्कळ सिंकं याच एका कारणाने ‘बिघडतात’. झाकण थोडं सैल करा, बरं होतं.

किती धार पुरते? दीड वीत उंचीला ४ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला १ लिटरच्या आसपास पाणी येतं. अर्धा मिनिट धरलं तर माणशी अर्धा लिटर, म्हणजे एका जारात ४० जणांचे हात. मगाने ओतलं तर एका माणसालाच दोन मग लागतात, शिवाय मग धरायला दुसरा माणूस. चिखलाच्या हातांनी तोटी फिरवायची नसेल तर पायाने दाबायचा छोटा पंप किंवा १२ व्होल्टची मोटार लावता येते. जारही मग खालीच राहतो. मला मात्र कोकणातली पोफळीची पन्हळ जवळची वाटते. चिरलेलं खोड, टेकडीवरचा झरा आणि परसात न थांबणारी धार. मोटारीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हापासूनची.

पेणमध्ये पाण्याचा विषय निघाला की हेटवणे धरणाचं नाव निघतंच. धरण तालुक्यातच आहे, त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं आणि खाडीकडच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरणाची उंची तिथेही आहे, उतारही आहे. अडलंय ते भौतिकशास्त्रात नाही.

पाणी उंचावर असणं पुरत नाही, पुढे त्याचं काय करायचं हेही ठरवावं लागतं. म्हणूनच कारखान्यातल्या त्या सिंकचा खालचा अर्धा भाग मला वरच्यापेक्षा भारी वाटला. बेसिनखालचं पाणी थेट गटारात सोडलं असतं तर शाडूने पाइप आठवड्यात तुंबला असता. बादलीत मात्र ते रात्रभर निवळतं. सकाळी वर नितळ पाणी, खाली राखाडी लोण्यासारखा थर. कारागिराने माझ्यादेखत वरचं पाणी हलकेच दुसऱ्या बादलीत ओतलं, ते माती भिजवायला. मग तळाचा थर पत्र्याच्या तुकड्याने खरवडला, ओल्या गोणपाटाखालच्या गोळ्यावर थापला आणि मळायला बसला.