बीटी कापूस आणि फवारणीचे गणित

कपाशीच्या बोंडात शिरलेल्या अळीवर फवारलेले औषध सहसा पोहोचत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. कीटकनाशकांवरील खर्च कमी होईल, हे त्यामागील मुख्य आश्वासन होते. दोन दशकांनंतर ते कितपत खरे ठरले, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा मातीत आढळणारा जिवाणू. त्याचे जनुक कपाशीत घातल्यावर झाड स्वतःच एक विशिष्ट प्रथिन तयार करते. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्याला छिद्रे पडून ती मरते. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच घटल्या.

मात्र हे प्रथिन केवळ काही अळ्यांनाच मारक आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. त्यांचा उपद्रव वाढला, तशी त्यांच्यासाठीची फवारणीही वाढली.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सतत एकाच विषाला सामोऱ्या जाणाऱ्या किडीतील काटक अळ्या तगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. हे टाळण्यासाठी शेताच्या कडेने साधी कपाशी, म्हणजेच ‘आश्रय पीक’, लावणे बंधनकारक होते. तेथील साध्या किडींशी संकर झाला, तर प्रतिकारशक्ती पसरण्यास विलंब लागतो. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा अशी अन्य पिकेही चालतात. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. असे असूनही बहुतेकांनी आश्रय पीक लावले नाही. फरदड घेण्याच्या प्रथेमुळे अळीला पुढील हंगामापर्यंत अन्नही मिळत राहिले. परिणामी गुजरातमध्ये तिने प्रथम एका जनुकाच्या वाणावर मात केली आणि पुढे २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या वाणावरही.

डॉ. केशव क्रांती व ग्लेन स्टोन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, भारतीय कापूस उत्पादक बीटीपूर्व काळापेक्षा कीटकनाशकांवर अधिक खर्च करू लागले आहेत. त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येणार नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले.

म्हणून दोष एकट्या जनुकाला देणे अथवा त्याला तारणहार मानणे, दोन्ही अपुरे आहे. कामगंध सापळे, पिकांची फेरपालट, हंगाम वेळेत संपवणे आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी करणे, ही शिस्त नसेल तर कोणतेही बियाणे शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप फार काळ खाली उतरवू शकत नाही.