मुंबई ते नागपूर : आकाशांतून आणि रस्त्यानें

मुंबईहून नागपूर किती लांब, असें कोणीं विचारलें तर त्यालाच उलट विचारावें, 'कशानें जाणार?' कारण या दोन शहरांमधील अंतर एक नाहीं. नकाशावर दोरा ताणून मोजलें तर तें सुमारें ६९० किलोमीटर भरतें. जुन्या हिशेबानें जवळजवळ ४३० मैल. मनमाड, भुसावळ, अकोला अशीं गांवें घेत जाणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे. समृद्धि महामार्ग मात्र ७०१.

हा ७०१ चा आंकडा ऐकून रस्ता पांखराच्याच वाटेनें गेला कीं काय, असें वाटतें. परंतु हा मार्ग मुंबईंत सुरू होत नाहीं. तो भिवंडीजवळ आमणे येथें सुरू होतो. दादरच्या गृहस्थाला तेथवर पोंचण्यास किती वेळ लागेल, हें ज्योतिषीच जाणे! नागपूर ते शिरडी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा भाग ५ जून २०२५ रोजीं. पूर्वीं सोळा तास खाणारा प्रवास त्यामुळें आठांवर आला, असें सांगतात.

विमान दीड तासांत पोंचवितें. पण घरापासून विमानतळ, तेथील तपासणी व खोळंबा, उतरल्यावर सामानाची प्रतीक्षा आणि पुन्हां घर, हें सारें धरा. पांच तास सहज होतात. म्हणजे खरी बचत तीन-चार तासांची. नागपूर मध्यावर असल्याचा लाभ विमानांनीं फार पूर्वींच ओळखला होता. जानेवारी १९४९ मध्यें रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत.

आतां रस्त्याचें त्रैराशिक. सपाटीवर मोटारीला ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगानें ७०१ किलोमीटर सहा तासांच्या आंत संपावे. पण हें त्रैराशिक माणसाला झोंप येते, हें धरीत नाहीं. वळण नाहीं, गांव नाहीं, समोरून वाहन नाहीं. अशा एकसुरी वाटेवर डोळे उघडे असूनहि लक्ष मंदावतें. ताशीं १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंदांची डुलकी लागली कीं शंभर मीटर गाडी कोणीच चालवीत नसतें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाजवळ एक प्रवासी बस उलटून पेटली व २५ माणसें दगावलीं. त्या घटनेचीं कारणें कांहींहि असोत, रात्रीं निघून सकाळीं पोंचण्याचा आपला आवडता बेत याच मध्यरात्रीच्या वेळीं चालकाला चाकामागें बसवितो.

सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर तासन् तास धांवतांना टायरहि तापतात. हवा कमी असेल तर अधिकच. ती निघण्यापूर्वीं तपासावी. दुसरा चालक बरोबर असावा, आणि दर दोन तासांनीं उतरून चहा घ्यावा. चार थांबे धरले तर तासभर अधिक लागेल, इतकेंच.