किरणांची ‘सह्य’ मात्रा : एका वादाचा इतिहास

क्ष-किरणांचा शोध रंटगेन यांनी १८९५ साली लावला. त्यानंतर काही महिन्यांतच ते हाताळणाऱ्यांच्या त्वचेवर दाह व व्रण दिसू लागले. एडिसन यांचे सहकारी क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात कापूनही प्राण वाचले नाहीत. ते १९०४ साली निवर्तले. तथापि किरणांपासून किती भय आहे हे मोजावयाचे कसे, हा प्रश्न पुढे वीस वर्षे अनिर्णीतच राहिला.

१९२५ साली मुट्शेलर यांनी एक उपाय सुचविला. ज्या मात्रेने त्वचा लाल होते तिचा शंभरावा भाग महिन्याभरात मिळाला, तर तो शरीरास सहन होतो असे त्यांनी मानले. याच धोरणाने १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीने दररोज ०.२ रंटगेन ही ‘सह्य मात्रा’ ठरविली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : हे माप त्वचेवरून घेतलेले होते. डोळ्यांना जे दिसत नाही त्याची त्यात गणनाच नव्हती.

वस्तुतः फळमाशीवर क्ष-किरण सोडले असता तिच्या संततीत उत्परिवर्तने वाढतात, हे मलर यांनी १९२७ सालीच दाखविले होते. असा परिणाम ज्या मात्रेखाली मुळीच होत नाही, अशी सीमा या प्रयोगांत आढळेना. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘सह्य’ हा शब्द मागे पडून ‘अनुज्ञेय’ हा शब्द रूढ झाला, तो यामुळेच. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. सह्य काय हे शरीर ठरविते. अनुज्ञेय काय हे माणसे ठरवितात, आणि ठरविणारा व सोसणारा हे पुष्कळदा एक नसतात.

यानंतरचा सर्वांत कटु वाद ऑक्सफर्ड येथील डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांच्या संशोधनावरून झाला. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांना त्यांनी प्रश्न विचारले, तसेच निरोगी मुलांच्या मातांनाही विचारले. गर्भारपणी पोटाचे क्ष-किरण चित्र काढलेल्या मातांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हे निष्कर्ष १९५६ व १९५८ साली प्रसिद्ध झाले. मूल गमावलेल्या मातेला अशा गोष्टी अधिक आठवतात, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हता. परंतु १९६२ साली मॅकमाहन यांनी अमेरिकेत कोणाच्याही स्मृतीवर विसंबून न राहता रुग्णालयांतील लेखी नोंदी तपासल्या, तेव्हा तेथेही वाढ दिसलीच. ती सुमारे ४० टक्के होती. तरीही गर्भवतींची अशी तपासणी मागे पडावयास आणखी कित्येक वर्षे लागली.

भारतात आज किरणांशी संबंधित काम करणाऱ्यांस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट एवढीच मात्रा अनुज्ञेय आहे. १९३४ सालची मर्यादा पाळली असती, तर ती स्थूलमानाने दहा दिवसांतच पुरी झाली असती.

वाद मात्र मिटलेला नाही. केरळातील करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटमिश्रित वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग पुष्कळ आहे. तेथील रहिवाशांत कर्करोग अधिक नसल्याचे २००९ सालच्या पाहणीत दिसले. उलटपक्षी फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या २०१५ सालच्या अभ्यासात मात्रेबरोबर धोकाही वाढताना आढळला.