जुन्या गाडीचा शाफ्ट बदलावा का?

कवीने गाडीच्या शाफ्टविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे बांदा पडले गोव्याच्या वेशीवर. पत्रादेवीचा नाका हाकेच्या अंतरावर आणि मुंबई-गोवा महामार्ग उशाशी. त्यामुळे इथे कविता कमी आणि गाड्या जास्त ऐकू येतात. शिवाय प्रश्न माझ्या बालमित्राच्या घरचा आहे, आणि तो जुनी वस्तू सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो.

या मित्राकडे त्याच्या वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. आजच्या तरुणांना हे नाव ठाऊक नसेल. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात निघाली. तिचा आराखडा मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचा. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर कंपनी ती आपल्याकडे बनवू लागली. इंजिन ९४८ सीसीचे, बॉनेट पुढच्या बाजूला आडवे होऊन सगळे यंत्र उघडे पडणारे, आणि अरुंद गल्लीतही चटकन वळणारी. हिचीच चासी आखूड करून १९६२ साली तिकडे स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली गेली. म्हणजे हेराल्ड घरगुती असली तरी रक्त शर्यतीच्या घराण्यातले.

पावसाळा संपल्यावर म्हापशाच्या मेस्त्रीने तिचे मागचे चाक उतरवले, तेव्हा शाफ्टच्या टोकाला केसासारखी बारीक चीर दिसली. मित्राचा मुलगा पणजीत नोकरीला. तो म्हणाला, "बाबा, हे सगळे काढून टाका आणि जीपसारखा भक्कम एक्सल बसवा. मी रोज वापरीन." मित्राला ते पटेना, पण चीर पडलेल्या शाफ्टवर घरची माणसे बसवणेही त्याला पटेना. मग आम्ही तिघे-चौघे बसलो आणि गोष्ट मुळापासून समजून घेतली.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेतो तो शाफ्ट. अँबॅसिडर, पद्मिनी किंवा जीपमध्ये दोन्ही चाकांचे शाफ्ट एकाच लोखंडी नळीत बंद असतात. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरपे होते, पण रचना दणकट. हेराल्डचे तसे नाही. तिचा डिफरन्शियल चासीला घट्ट बांधलेला, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सुटे शाफ्ट, पक्ष्याच्या पंखांसारखे वर-खाली हलणारे. प्रत्येक पंखाच्या आतल्या टोकाला एक युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये सगळे 'क्रॉस' म्हणतात.

हा क्रॉस गाडीहून फार जुना. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताचे नाव त्याला चिकटले आहे आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचेही. जहाजावरचे होकायंत्र लाटांमध्येही सपाट राहते, ते अशाच एकात एक अडकवलेल्या कड्यांमुळे. क्रॉसचा एक दोष मात्र आहे. शाफ्ट सरळ रेषेत असेल तर तो एकसारखा फिरतो. कोन पडला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्क्याच्या आसपास, पण ३० अंशांत तो १५ टक्क्यांवर जातो. हा दोष नसलेला जॉइंट म्हणजे सीव्ही जॉइंट. १९५९ च्याच मिनी मोटारीने तो जगभर नेला, आणि आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ने घरोघरी. वळताना 'टक टक' आवाज आला की रबरी बूट फाटला, हे आता शाळकरी पोरही सांगते.

म्हणून जगभरचे शौकीन जुन्या स्पोर्ट्स कारना सीव्ही शाफ्ट बसवतात. १९६२ च्या लोटस एलान गाडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या शाफ्टना जोडायला जाड रबराची कडी होती. ती मऊ चालायची, पण गाडी सुटताना पीळ घेऊन हिसका द्यायची, आणि रबर कालांतराने भेगाळायचे. तिथे बदल करण्यात अर्थ आहे, कारण दुखणे नेमके जोडात आहे.

हेराल्डचे दुखणे वेगळ्या जागी. तिच्या शाफ्टचे बाहेरचे टोकच चाकाला धरून ठेवते आणि गाडीचा भारही सोसते. चाक किलोमीटरला साडेपाचशेहून अधिक फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात पोलाद एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वाकते. तार हातात धरून वाकवत राहिलो की ती तुटते, तसेच हे. लाखभर किलोमीटरमध्ये साडेपाच कोटी वेळा! त्यात चावीच्या खाचेचा कोपरा आणि आपल्या कोकणचा गंज. मग चीर तिथेच पडते. तिथे शाफ्ट तुटला तर गाडी नुसती थांबत नाही, चाकच निखळते. आंबोली घाटात याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

दुसरा धोका वळणाचा. जोरात घेतलेल्या वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडते आणि पकड सुटते. स्पिटफायरमध्ये हा दोष १९७० साली मागचा पाटा वेगळ्या रीतीने बसवून बराच कमी केला. मद्रासच्या कंपनीने तर १९७२ च्या गॅझेलला सरळ अखंड एक्सलच दिला, कारण आपल्या गिऱ्हाइकांना आणि मेस्त्रींना हे हलते पंख रुचले नव्हते. म्हणजे मुलाचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. कारखान्यानेही तेच केले होते.

मग करावे काय? जाड शाफ्टचा विषय निघाला तेव्हा मेस्त्री म्हणाला, "शाफ्ट जाड केलास तर तो मोडूचो नाय. पण मगे मोडतला काय, ता सांग." लाखमोलाचे बोलला. एक कडी बळकट केली की ताण पुढच्या कडीवर जातो. क्रॉसवर, नाही तर डिफरन्शियलच्या दातांवर. इंजिन मोठे बसवले असेल तर जाड शाफ्ट हवा. इंजिन मूळचेच असेल तर मूळ मापाचा पण निर्दोष शाफ्ट पुरतो.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' नोंद होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. अखंड एक्सल बसवायचा तर हेराल्डची चासी कापून वेल्डिंग करावे लागणार. तिथून परतीची वाट नाही.

शेवटी मित्राने ठरवले: दोन्ही बाजूंचे शाफ्ट मूळ मापाचे नवे, क्रॉस आणि बेअरिंगही नवे. बसवण्याआधी शाफ्टची रंग लावून तपासणी करायची; लाल द्रव चिरेत शिरतो आणि वरच्या पांढऱ्या पुडीवर रेघ उमटवतो. दरवर्षी चाक काढून पुन्हा पाहायचे, आणि घाटात वळणाआधीच वेग कमी करायचा. मुलगा हिरमुसला. रोज पणजीला जायला त्याला दुसरी गाडी घ्यावी लागणार.

तुमच्या दारात अशी जुनी वस्तू असेल, मग ती गाडी असो वा माडीचे घर, तर बदलाआधी चार प्रश्न विचारा. नेमके काय मोडते आहे? ते का मोडते? या वस्तूकडून मला कोणते काम हवे आहे? आणि केलेला बदल उद्या उलटवता येईल का? जिवाचा धोका असेल तिथे हयगय नको. बाकी ठिकाणी घाई नको.