कासवाचं माहेर

जालना जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे कोकण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीपुळ्याचं दर्शन, सोलकढी आणि लाटांतले फोटो एवढंच येतं. पण मैत्रिणींनो, यंदा मार्चमध्ये आमच्या बचत गटातल्या आठ जणींनी गाडी ठरवली, ती कासवाची पिल्लं बघायला!

पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव करत हरिहरेश्वरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. तिथून जवळच वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता मात्र ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले कासवांमुळे.

हिवाळ्यात मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लांचं तोंडही बघत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्ही खायची. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने इथे काम सुरू केलं. तेव्हापासून अंडी कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात आणि त्यांना समुद्राकडे सोडतात.

संध्याकाळी टोपली उचलली तर खाली तळहाताहून लहान पिल्लांची वळवळ! पाण्यापासून थोडं अलीकडेच त्यांना ठेवतात, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालून जायची असते. एक लाट आली की उलटीपालटी, पुन्हा चालू. आमच्यातल्या सगळ्यात बडबड्या वहिनीसुद्धा गप्प झाल्या होत्या.

मादी मोठी झाल्यावर जन्मलेल्या किनाऱ्याच्या आसपासच अंडी घालायला येते, असं मानतात. म्हणजे बाळंतपणाला माहेरीच की! पण २०२१ मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी २०२५ मध्ये सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. तिचं माहेर कुठलं म्हणायचं?

मला जास्त भावलं ते गावातलं घर. इथे पाहुणे घरांतच उतरतात. घरच्या काकूंनी कुळथाचं पिठलं वाढता वाढता सांगितलं, ‘‘कासवं आली म्हणून तुम्ही आलात, आणि तुम्ही आलात म्हणून माझ्या हातात चार पैसे आले.’’ आम्हा बचत गटवाल्यांना हा हिशेब लगेच कळला. निसर्ग राखा म्हणून नुसती भाषणं देऊन भागत नाही, राखणाऱ्याची चूलही पेटावी लागते.

काळजी मात्र आहेच. वाळू जितकी तापते तितक्या माद्याच जास्त जन्मतात, आणि फार तापली तर अंडीच वाया जातात. त्यात आपल्यासारख्यांची गर्दी!

परतताना केळशी, आंजर्ले, हर्णै असा किनारा धरला. कुरव पक्ष्यांचे थवे दिसले आणि मुरूडला होडीतून डॉल्फिनची पाठही.

तुम्हीही जरूर जा. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा; पिल्लं कधी निघतील हे गावात फोन करून विचारा. फ्लॅश नको, बॅटरी नको, पिल्लाला हात लावणं तर नकोच. आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही, तर रुसू नका. ती आपल्या सुट्टीच्या हिशेबाने जन्मत नाहीत!