‘हॉन्ट’ म्हणजे नेमकं काय?

‘हॉन्ट’ हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, तेव्हा अर्थ साधा होता: एखाद्या ठिकाणी वारंवार जाणं. भुतं त्याला नंतर चिकटली. म्हणून इंग्रजीत भूत वाड्यालाही ‘हॉन्ट’ करतं. आपला मुंजा राहतो पिंपळावर, झपाटतो मात्र माणसाला.

आठवणींसाठी ‘पाठ न सोडणं’ हा आपला शब्दप्रयोग अगदी चपखल. पण कुठलीही आठवण चालत नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा (१९९५) शेवटच घ्या. धावत्या गाडीतून पुढे आलेला तो हात अनेकांच्या मनात घर करून आहे. त्याला ‘हॉन्ट’ शोभत नाही. अपघात, अपराध, गमावलेलं माणूस, यांच्या आठवणी ‘हॉन्ट’ करतात. सुरांना ‘हॉन्टिंग’ म्हणणं ही मात्र दादच, तीही हुरहुर लावणाऱ्या सुरांना.